आपत्तींची मोजदाद आणि राष्ट्रीय धोरण

हवामानबदल आणि आपत्ती यांविषयीचे राष्ट्रीय धोरण तीन प्रकारच्या आकडेवारीवर उभे असते. पहिली निरीक्षणांची : तापमान, पाऊस, नद्यांची आणि समुद्राची पातळी. दुसरी घटनांची : वादळे, पूर, उष्णतेच्या लाटा, दरडी कुठे आणि किती वेळा आल्या. तिसरी हानीची : किती माणसे आणि जनावरे दगावली, किती घरे पडली, किती हेक्टर पीक गेले, रुपयांत त्याचे मोल किती. भारतात पहिली नोंद मुख्यतः हवामान विभाग आणि केंद्रीय जल आयोग ठेवतात. दुसरी अनेक खात्यांत विखुरलेली आहे. तिसरी बहुतांशी गावपातळीवरच्या पंचनाम्यांतून वर चढत जाते. हवामान विभाग केंद्रानुसार मोजतो, जल आयोग खोऱ्यानुसार, महसूल खाते तालुका आणि मंडळानुसार, पोलीस ठाण्याच्या हद्दीनुसार. धोरण ठरवणाऱ्याला मात्र या सगळ्यांचा मेळ हवा असतो. अमुक जिल्ह्यात इतका पाऊस एका दिवसात पडला तर किती लोकांवर काय ओढवते, हा त्याचा प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याची देशाची तयारी तपासताना एक गोष्ट वारंवार समोर येते. येथील आपत्तींची मोजदाद प्रामुख्याने मदत वाटण्यासाठी घडली. तीच धोका आधी कमी करण्यासाठी वापरायची, तर मोजण्याच्या पद्धतीतच फेर करावा लागतो.

आकड्यांवरून धोरण ठरवण्याची भारतातली पहिली मोठी खटपट दुष्काळाने घडवली. १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेले चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील पावसाने दिलेली ओढ यांच्या पाठोपाठ १८७५ मध्ये हवामान विभाग स्थापन झाला. पुढच्याच वर्षी दख्खन आणि मद्रास इलाख्यावर भीषण दुष्काळ कोसळला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. पाऊस, धान्याचे भाव, कामाच्या शोधात गाव सोडणारी कुटुंबे, धान्याच्या चोऱ्या, मृत्यूंची संख्या अशा खुणांवर लक्ष ठेवायचे, शंका आल्यास कमी मजुरीची चाचणी कामे काढायची आणि त्यावर किती माणसे येतात यावरून संकटाची तीव्रता ठरवायची, अशी ही रीत होती. परक्या सरकारने ती बेताच्या खर्चात आणि अनेकदा निष्ठुरपणे वापरली, हे खरे. तरीही संकट पूर्ण कोसळण्याआधीच्या खुणा मोजायच्या, हा तिच्यातील विचार मोलाचा होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर काढलेली रोजगाराची कामे आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा हे त्याच परंपरेचे, पण हक्काच्या भाषेत मांडलेले, पुढचे पाऊल होय. हवामान विभागाच्या बाजूनेही दुष्काळच प्रेरणा ठरला. १९०४ मध्ये विभागाचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदींचे परस्परसंबंध तपासत राहिले आणि त्यातून प्रशांत व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाची झुलती जोडी त्यांना सापडली. एल निनोच्या आजच्या आकलनात तिला मध्यवर्ती स्थान आहे.

निरीक्षणांची ही मालिका आज देशाची मोठी पुंजी आहे. देशाच्या सरासरी तापमानाची मालिका १९०१ पासून उपलब्ध आहे आणि २०२४ हे त्यातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचा पहिला सरकारी आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्याच सुमारास मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना मात्र सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. धोरणाच्या दृष्टीने शेवटची दोन वाक्ये एकत्र वाचण्याजोगी आहेत. हंगामाची बेरीज घटत असताना एकेका दिवसाची तीव्रता वाढते, म्हणजे त्याच जिल्ह्याला एकाच वर्षात टँकर आणि बचाव नौका दोन्ही लागू शकतात. देशाचा दीर्घकालीन सरासरी पाऊस ८७ सेंटीमीटर आहे आणि ‘सरासरीच्या १०२ टक्के पाऊस’ अशी बातमी दरवर्षी झळकते. त्या टक्केवारीत जुलैमधला तीन आठवड्यांचा खंड आणि सप्टेंबरमधली अतिवृष्टी एकमेकांना झाकून टाकतात.

सरासरीच्या व्याख्याही बदलत असतात. मोसमी पावसाच्या आगमन-परतीच्या तारखा २०२० मध्ये नव्याने ठरल्या. मुंबईत पाऊस पोहोचण्याची तारीख १० जूनवरून ११ जून झाली आणि परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरवर गेली. पेरणीच्या शिफारशी, धरणे भरण्याचे वेळापत्रक आणि खरिपाच्या काढणीचा हिशेब जुन्या तारखांवर बांधलेला असेल, तर हा बदल कागदावरचा राहत नाही. काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात भिजणे हा मराठवाडा-विदर्भातला अलीकडचा वारंवारचा अनुभव आहे.

मोजण्याच्या जाळ्याची वीण किती दाट, यावरही बरेच अवलंबून असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत फक्त सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस झाला. दोन्ही नोंदी अचूक होत्या. त्यांच्यामध्ये सुमारे वीस किलोमीटर अंतर आणि लाखो माणसे होती, आणि तिथे काय चालले आहे हे त्या क्षणी सांगणारे साधन नव्हते. शहराच्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या. ती क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात झाली होती, पण काम रेंगाळले होते. माधवराव चितळे समितीने या महापुराची चिकित्सा केल्यानंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि २०२० मध्ये मुंबईसाठी पूरइशारा यंत्रणा सुरू झाली. मोजणीतील त्रुटी ओळखून ती भरून काढल्याचे हे देशातले चांगले उदाहरण आहे. त्यासाठी त्या दिवसांत राज्यभर हजारावर माणसे मरावी लागली, हेही विसरता येत नाही.

निरीक्षणाकडून धोरणाकडे जाण्याचा पूल म्हणजे उंबरठा : कोणता आकडा ओलांडला की सरकारने हलायचे. उष्णतेच्या बाबतीत याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० मध्ये शहराचा पारा ४६.८ अंशांवर गेला. केवळ ‘उष्माघात’ असे कारण लिहिलेले दाखले मोजले असते, तर ही आपत्ती किरकोळ ठरली असती. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह वेगळी वाट धरली. त्यांनी त्या महिन्यातील सर्व कारणांनी झालेले मृत्यू घेतले आणि आदल्या व पुढच्या वर्षीच्या मे महिन्यांच्या सरासरीशी ताडून पाहिले. नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले, म्हणजे ४३ टक्के वाढ. हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, वार्धक्य अशा नावांखाली गेलेले हे बळी उन्हाचेच होते. या आकड्याने महापालिकेचे डोळे उघडले आणि २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा अहमदाबादने लागू केला. त्यातले इशाऱ्याचे टप्पे शहराच्या स्वतःच्या मृत्युनोंदींवरून ठरले : ४१ अंशांच्या पुढे पहिली सूचना, ४३ च्या पुढे दुसरा टप्पा, ४५ ला सर्वोच्च. प्रत्येक टप्प्याला कोणत्या रुग्णालयाने काय करायचे, पाणपोया कुठे लावायच्या, बांधकामावरील मजुरांचे तास कसे बदलायचे, हेही ठरले. पुढील वर्षांच्या अभ्यासात दरवर्षी सुमारे हजारभर मृत्यू टळल्याचा अंदाज आला. त्यानंतर देशातील अनेक शहरांनी आणि राज्यांनी असे आराखडे केले. त्यांतील बऱ्याच ठिकाणी मांडणी उचलली गेली, पण स्थानिक मृत्युनोंदींचा अभ्यास मात्र मागेच राहिला. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान ४० आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश तापमान आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांची वाढ झाली की उष्णतेची लाट मानतात. कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत माणसाचे शरीर त्याहून कमी तापमानालाही हार मानते. तिथले आकडे तिथल्या दवाखान्यांतूनच यायला हवेत.

मृत्यूंच्या नोंदीचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. २०१५ ते २०२२ या काळात उष्णतेने किती माणसे मेली, या प्रश्नाला सरकारी यंत्रणांकडूनच तीन उत्तरे मिळतात. पोलिसांच्या नोंदींवर आधारलेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग आठ हजारांहून अधिक सांगतो. आरोग्य यंत्रणा आणि हवामान विभाग दोघेही चार हजारांच्या आत थांबतात. पोलिसांकडे आकस्मिक मृत्यू येतात, आरोग्य खात्याकडे रुग्णालयांनी कळवलेले, हवामान विभागाकडे प्रामुख्याने बातम्यांतून गोळा झालेले. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. उरलेल्यांत शेतावर, रस्त्यावर, पत्र्याच्या खोलीत गेलेले किती, हे शोधायचे तर अहमदाबादची पद्धतच कामी येते, कारण तिला कारणाची नव्हे तर फक्त मृत्यूच्या तारखेची आणि जागेची गरज असते. जन्म-मृत्यू नोंदणीचे रोजचे आकडे जिल्हानिहाय आणि वेळेवर खुले झाले, तर प्रत्येक लाटेनंतर असा हिशेब महिन्याभरात मांडता येईल. कोणतेही नवे यंत्र न विकत घेता होण्यासारखी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

वीज पडून होणाऱ्या मृत्यूंची गोष्ट वेगळी आहे. २०२२ मध्ये नैसर्गिक कारणांनी झालेल्या ८,०६० अपघाती मृत्यूंपैकी २,८८७ विजेचे होते. कोणत्याही एका पुराने किंवा वादळाने त्या वर्षी इतके बळी घेतले नाहीत. पण हे बळी एकेकटे, दोघे-तिघे असे जातात आणि त्यांतले बहुतेक शेतात राबणारे असतात. बेल्जियममधून चालणाऱ्या एम-डॅट या जागतिक आपत्तीसंग्रहात घटनेची नोंद व्हायला दहा मृत्यू, शंभर बाधित, आणीबाणीची घोषणा किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची हाक यांपैकी काहीतरी लागते. एका झाडाखाली गेलेले दोन जीव या चाळणीतून गळून पडतात. धोरणासाठी जागतिक संग्रहावर विसंबणाऱ्या देशाला आपलाच सर्वांत मोठा मारेकरी दिसत नाही.

हानीची आकडेवारी जिथे जन्मते ती जागा म्हणजे पंचनामा. पूर ओसरल्यावर किंवा गारपिटीनंतर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक शिवारात जातात, गट क्रमांकानुसार बाधित क्षेत्र लिहितात, तहसीलदाराकडे यादी जाते, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, मंत्रालय आणि मग दिल्ली. राज्याच्या निवेदनानंतर केंद्राचे आंतरमंत्रालयीन पथक पाहणीला येते. देशाच्या आपत्तीहानीचा अधिकृत आकडा बऱ्याच अंशी या साखळीचे फलित असतो. त्यामुळे मदतीचे निकष हेच मोजणीचे निकष बनतात. २०१५ पूर्वी ५० टक्क्यांहून कमी पीकहानी मदतीस पात्र नव्हती. तो उंबरठा ३३ टक्क्यांवर आल्यावर बाधित क्षेत्राचा आकडा फुगला, निसर्गात मात्र त्या दिवशी काही बदलले नव्हते. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळाचे पर्जन्यमापक ज्या गावात आहे तिथे ६० मिलिमीटर पडला आणि डोंगराआडच्या गावात शंभर, तर त्या गावाचे नुकसान सिद्ध करायला वेगळी लढाई करावी लागते. २०१७ पासून महावेध प्रकल्पातून मंडळपातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, याचा या बाबतीत मोठा उपयोग झाला.

पंचनाम्यात जे येत नाही ते अधिक गंभीर आहे. मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते, म्हणून नोंदही त्याचीच होते. बटईने जमीन कसणारा, पुरानंतर महिनाभर काम न मिळालेली शेतमजूर स्त्री, वाहून गेलेल्या भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवणारा, गावातून कायमचे निघून गेलेले कुटुंब हे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. ऊसतोडीच्या स्थलांतराला अवर्षणाने किती जोर चढतो, याचे अधिकृत मोजमाप मराठवाड्यासारख्या प्रदेशातही उपलब्ध नाही. शिवाय जो आकडा निधी आणतो तो वाढवून लिहिण्याचा मोह आणि जो निधी द्यावा लागतो तो छाटण्याचा मोह, हे दोन्ही साखळीच्या दोन टोकांना बसलेले असतात. २०१८ च्या केरळच्या महापुरात हे स्पष्ट झाले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसह केलेल्या गरजांच्या मूल्यांकनात पुनर्बांधणीचा खर्च सुमारे ३१ हजार कोटी रुपये निघाला. केंद्राने मंजूर केलेली अतिरिक्त मदत सुमारे तीन हजार कोटींची होती. ही तफावत निव्वळ राजकारणाची नव्हती. एक आकडा पुन्हा उभे राहायला काय लागेल हे सांगत होता, दुसरा निकषांच्या तक्त्यानुसार तातडीच्या मदतीपुरता होता. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच नावाने वाचली जातात तेव्हा वाद अटळ असतो.

पैशाचे वाटप हा आकडेवारीचा सर्वांत थेट धोरणात्मक वापर. पूर्वी राज्यांना आपत्तीनिधी देताना मागील खर्चावर भर असे. त्यात ज्या राज्याची खर्च करण्याची ऐपत जास्त त्याला पुढेही जास्त, असा फेरा होता. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने मागील खर्चाला क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि आपत्ती जोखीम निर्देशांक यांची जोड दिली. या निर्देशांकात शंभरपैकी सत्तर गुण संकटांना आहेत : पूर, दुष्काळ, चक्रीवादळ आणि भूकंप यांना प्रत्येकी पंधरा, इतरांना मिळून दहा. उरलेले तीस गुण गरिबीचे. दारिद्र्य ही जोखमीची बाजू आहे हे राष्ट्रीय सूत्रात उतरले, ही मोठी गोष्ट झाली. राज्यांसाठी ठरलेल्या सुमारे १ लाख ६० हजार कोटींपैकी २० टक्के रक्कम नुकसान होण्याआधीच्या कामांसाठी राखली गेली आणि २००५ च्या कायद्यात असूनही कागदावर राहिलेला राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधी २०२१ मध्ये अस्तित्वात आला. शहरी पुरांसाठी सात महानगरांना वेगळा पैसा ठरला. मुंबईच्या वाट्याला ५०० कोटी आणि पुण्याच्या वाट्याला २५० कोटी आले. उणीव अशी की राज्यपातळीवरील एकच गुणांक धुळे आणि सिंधुदुर्ग यांना एकाच मापात घालतो. दुसरी उणीव अधिसूचित आपत्तींच्या यादीची. या आयोगाच्या काळात केंद्रीय निकषांतील बारा आपत्तींत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. वीजही नव्हती. राज्यांना निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींवर खर्च करण्याची मुभा आहे आणि ओडिशा, केरळ, बिहार, तमिळनाडू यांनी तिचा वापर केला. यादी बदलण्यासाठी लागणारा पुरावा मृत्युनोंदींतून यायचा आणि मृत्युनोंदी अपुऱ्या, असा हा गुंता आहे.

दुष्काळाच्या बाबतीत उंबरठ्याची भाषा महाराष्ट्राला जुनी परिचित आहे. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई, हे गावोगावी सर्वांना कळत होते. तिच्यातील अंदाजाचा आणि दबावाचा भाग कमी करण्यासाठी केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाची तूट व खंड हा पहिला आणि पेरणीक्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओल, पाणीसाठे व भूजल हा दुसरा टप्पा ठरवला आणि त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पडताळणी. २०१८ मध्ये राज्याने या पद्धतीने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०२३ मध्ये हीच गाळणी ४० तालुक्यांवर थांबली. मोठा असंतोष झाला आणि पुढे १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. शास्त्रीय निर्देशांक चुकीचे होते असा याचा अर्थ नाही. तालुका हे एकक पावसाच्या आजच्या विषम पडण्याला फार मोठे आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

जुन्या नोंदींवरून भविष्य ठरवण्याची मर्यादा पूररेषांमध्ये सर्वांत ठळक दिसते. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये नियंत्रित. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची शंभर वर्षे निर्धास्त असा नसून दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी अधिक होते, आणि निळ्या रेषेपर्यंतच्या पुराची सत्तर टक्क्यांवर जाते. शिवाय ही गणिते भूतकाळ आणि भविष्यकाळ सारखेच वागतील या गृहीतावर चालतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या महापुराने तिथे विक्रम केला, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या शहरात जुन्या मालिकेवरून काढलेली लाल रेषा किती भरवशाची, हा जलतज्ज्ञांपुढचा खरा प्रश्न आहे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडेही लक्ष वेधले. पाऊस वाढला आणि त्याच वेळी पाण्याची जागाही घटली, तर पातळीतील वाढ कोणाच्या खात्यावर टाकायची हे नुसत्या पातळीच्या नोंदीवरून ठरत नाही. देशपातळीवरचा चार कोटी हेक्टर पूरप्रवण क्षेत्राचा आकडाही असाच जुना आहे. राष्ट्रीय बाढ आयोगाने १९८० मध्ये तो दिला तेव्हा प्रत्येक राज्यात कोणत्याही वर्षी पुराखाली आलेले सर्वाधिक क्षेत्र एकत्र करून त्यात संरक्षित क्षेत्र मिळवले होते. त्या काळासाठी ही वाजवी रीत होती. उपग्रह दर पावसाळ्यात पुराची प्रतिमा देत असताना आजही तोच आकडा नियोजनाच्या कागदांत वावरतो, ही खेदाची बाब आहे.

चक्रीवादळांचे वर्गीकरणही जुन्या नोंदींवरून झाले. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम सौम्यीकरण प्रकल्पात बंगालच्या उपसागरालगतची राज्ये आणि गुजरात जास्त धोक्याच्या गटात होती, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ कमी धोक्याच्या. पहिल्या टप्प्यातील निवारे आणि रस्ते ओडिशा व आंध्र प्रदेशात गेले आणि ते योग्यच होते. त्यानंतर २०१७ मध्ये ओखी, ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग आणि २०२१ मधील तौक्ते यांनी पश्चिम किनाऱ्याची गणना बदलली. उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पीकहानीचे निकष हेक्टरवर बेतलेले, बागा गुंठ्यांच्या, आणि सुपारीला फळ धरायला वर्षे लागतात. त्यामुळे पहिल्या मदतीचा आकडा बागायतदाराच्या खऱ्या तोट्याच्या जवळपासही नव्हता. झाडामागे मदत द्यावी ही मागणी तिथूनच जोर धरू लागली.

आकड्यांच्या आधाराने धोका खरोखर कमी करता येतो, याचा भक्कम पुरावा ओडिशाने दिला आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षी राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण स्थापन केले. गावनिहाय लोकसंख्या, उंची, किनाऱ्यापासूनचे अंतर, निवाऱ्यांची क्षमता यांच्या याद्या तयार झाल्या आणि दरवर्षी सराव झाले. मे २०१९ मध्ये फणी वादळापूर्वी सुमारे बारा लाख लोक हलवले गेले आणि मृत्यूंचा आकडा ६४ वर राहिला. मात्र त्याच वादळातील आर्थिक हानी २४ हजार कोटींच्या घरात गेली. मृत्यू कमी आणि नुकसान प्रचंड, ही जोडी आता बहुतेक वादळांत दिसते. माणूस हलवता येतो. वीजवाहिन्या, घरे आणि फणसाची झाडे हलवता येत नाहीत. आर्थिक हानीचा चढता आलेख सगळाच हवामानबदलाचा मानणेही चूक ठरेल. किनाऱ्यावर बांधकाम वाढले, किमती वाढल्या, नोंदही सुधारली. महागाई, लोकसंख्या आणि संपत्तीची वाढ वजा केल्याशिवाय दोन दशकांतील हानीची तुलना करता येत नाही, आणि अशी तुलना सरकारी अहवालांत अजून अपवादानेच आढळते.

असुरक्षितता मोजण्याचे प्रयत्न दरम्यान वाढले आहेत. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१९ मध्ये देशातील ३१० जिल्ह्यांची शेती हवामानबदलापुढे उच्च किंवा अतिउच्च असुरक्षित ठरवली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये राज्यनिहाय क्रम लावला आणि त्यात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार, अरुणाचल प्रदेश आणि पश्चिम बंगाल वरच्या गटात आले. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने २०२२ मध्ये संकटांचा नकाशासंग्रह काढला. इस्रोने १९९८ ते २०२२ मधील सुमारे ८० हजार दरडींचा संग्रह २०२३ मध्ये दिला. हे प्रत्येक काम मोलाचे आहे, पण कोणत्या निर्देशांकाने कोणता पैसा हलतो याचा नियम नसल्याने एकाच जिल्ह्याला एका यादीत वरचा आणि दुसऱ्या यादीत मधला क्रमांक मिळतो. शिवाय यादी अपुरी असली की ती खोटा दिलासा देते. २०१४ मध्ये माळीण गावात १५१ माणसे दरडीखाली गेल्यानंतर राज्यात दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. जुलै २०२३ मध्ये गाडली गेलेली इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. पूर्वी दरड न पडलेल्या डोंगरावर आजवर कधी न झालेला पाऊस पडतो तेव्हा मागील घटनांची यादी पुरत नाही. उतार, माती, पाण्याच्या वाटा आणि ताशी पाऊस यांचा मेळ घालणारा इशाराच तिथे उपयोगी पडतो.

आंतरराष्ट्रीय बाजूने २०१५ च्या सेंदाई आराखड्याने देशांपुढे सात उद्दिष्टे आणि ३८ निर्देशक ठेवले. त्यातील पहिले उद्दिष्ट २०२० ते २०३० मधील आपत्तीमृत्यूंचा दर २००५ ते २०१५ च्या तुलनेत घटवण्याचे आहे. भारतापुरते पाहिल्यास या आधारकाळात पाच हजारांहून अधिक बळी घेणारा उत्तराखंडचा २०१३ चा प्रलय येतो आणि डिसेंबर २००४ ची त्सुनामी जेमतेम बाहेर राहते. एका मोठ्या घटनेने दशकाची सरासरी हलते, म्हणून केवळ या दरावरून प्रगती जोखणे धोक्याचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२२ मध्ये हवामानबदलाच्या १५८ निर्देशकांचा संच स्वीकारला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय पर्यावरणाची आकडेवारी दरवर्षी संकलित करते, पण संकलन आणि मूळ नोंदीतील सुधारणा ही वेगवेगळी कामे आहेत.

सर्वांत अलीकडचा बदल कायद्याचा आहे. २०२५ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापन कायद्यात राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय आपत्ती माहितीसाठा तयार करणे बंधनकारक झाले. हानीचे मूल्यांकन, निधीवाटप, खर्च, पूर्वतयारीचे आराखडे आणि संकटाच्या प्रकार व तीव्रतेनुसार जोखीम नोंदवही त्यात अपेक्षित आहे. राजधान्या आणि महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणांचीही तरतूद आहे. हा माहितीसाठा उपयोगी ठरायचा तर काही गोष्टी नियमांतच याव्या लागतील. प्रत्येक नोंदीला गावाचा किंवा प्रभागाचा अधिकृत संकेतांक असावा, म्हणजे पाऊस, पीक, मृत्यू आणि निधी एकमेकांशी जोडता येतील. एका मृत्यूचीही घटना नोंदली जावी. मदतीस अपात्र ठरलेले नुकसान वेगळ्या रकान्यात राहावे. बाधितांत स्त्री-पुरुष, वय, भूमिहीन, भाडेकरू असा तपशील असावा. आणि वैयक्तिक माहिती वगळून सर्व नोंदी विद्यापीठांना, पत्रकारांना आणि ग्रामपंचायतींना खुल्या असाव्यात, कारण चुकीचा आकडा सर्वांत आधी गावालाच ओळखू येतो. या सगळ्याला लागणारा छेद, म्हणजे कुठे किती माणसे राहतात ही संख्या, आजही २०११ च्या जनगणनेतून घ्यावी लागते. त्यानंतर पुणे, वसई-विरार, पनवेल यांच्या कडेने वाढलेल्या वस्त्या जोखमीच्या कोणत्याही अधिकृत हिशेबात पूर्णपणे आलेल्या नाहीत. २०२७ च्या जनगणनेचे वस्तीनिहाय आकडे हाती येतील तेव्हा पूररेषा, दरडप्रवण क्षेत्रे आणि निवाऱ्यांच्या याद्या त्यांच्यावर ठेवून नव्याने तपासाव्या लागतील.